कबनूर येथील एक बासन व जंतुघ्न द्रव्यें

१

कबनूर हें कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतील, इचलकरंजीस अगदीं लागून असलेलें गांव आहे. विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं इचलकरंजीस पहिला यंत्रमाग बसविला. पुढें हा उद्योग वाढत वाढत आसपासच्या गांवांत पसरला, व कबनूर येथेंहि आज मागांचा खडखडाट ऐकूं येतो. या गांवीं एका जुन्या घराण्याकडील मोडी कागदांचें बासन पाहण्याचा योग आम्हांस एका पावसाळ्यानंतर आला. कागद शेतसारा, देणेंघेणें व भाऊबंदांच्या वाटण्या यांसंबंधींचे होते. मोठ्या राजकारणाचें त्यांत कांहीं नव्हतें. तथापि एखाद्या गांवचा इतिहास लिहूं जातां असेच कागद उपयोगीं पडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

घरधनी मोठे आस्थेवाईक. जुना रुमाल जीर्ण झाला म्हणून त्यांनीं त्यावरून मागावरचा नुकताच उतरलेला कोरा मांजरपाट गुंडाळला होता व बासन भिंतींतील फडताळांत ठेवलें होतें. हेतु चांगला, परंतु परिणाम उलट झाला. मांजरपाटावर काळे-हिरवे ठिपके पडले होते, आणि तेथून बुरशी आंतील कागदांच्या कडांपर्यंत पोंचली होती. कित्येक कागदांच्या अखेरच्या ओळी, म्हणजे जेथें मिति लिहिलेली असते तोच भाग, मऊ पडून हात लावतांच गळत होता. मिति गेलेला कागद खरा असूनहि अर्धा मुका होतो. त्यांतील मजकूर कळतो, पण तो कोणत्या सालचा, कोणत्या पुढचा व कोणत्या मागचा, हें सांगण्यास साक्षीदार उरत नाहीं.

घरधन्यांनीं आम्हांस तीन प्रश्न विचारले. जुना रुमाल इतकीं वर्षें टिकला असतां नव्या कापडालाच बुरशी कां आली? आतां कागदांवर मोरचुदाचें पाणी शिंपडलें तर चालेल काय? आणि आंतील जुन्या रुमालावर जी पिवळी पूड दिसते ती कशाची असावी? हे तीनहि प्रश्न कागदपत्रें बाळगणाऱ्या प्रत्येकाचे आहेत, म्हणून त्यांचीं उत्तरें येथें जरा विस्तारानें देत आहों.

२

प्रथम कापडाचा विचार करूं. माग चालूं करण्यापूर्वीं ताण्याच्या सुतास खळ पाजावी लागते. या कृतीस विणकर पाजणी म्हणतात. यंत्रमागांच्या गांवीं हल्लीं 'सायझिंग' हा शब्द रूढ झाला आहे. खळीमुळें सुतावरील लव बसते, धागा गुळगुळीत व चिवट होतो, आणि फणींतून जातांना घांसून तुटत नाहीं. ही खळ मक्याच्या अथवा दुसऱ्या कसल्या तरी पिष्टाची, कोठें कोठें चिंचोक्याच्या पिठाचीहि असते. धागा मऊ राहावा म्हणून तींत चरबी किंवा मेण घालतात. अलीकडे कृत्रिम द्रव्येंहि मिसळूं लागले आहेत. कापड विणून मागावरून उतरलें तरी ही खळ त्यांतच राहते. ती निघते ती पुढें धुलाईच्या व रंगाच्या कारखान्यांत. तात्पर्य, कोरा मांजरपाट डोळ्यांस कितीहि स्वच्छ दिसला तरी तो पिठानें माखलेलें कापडच होय. उलट, जुना रुमाल अनेकदां धुतलेला असल्यामुळें त्यांत बुरशीस खाण्याजोगें फारसें उरलें नव्हतें.

आमच्या जुन्या कागदाची गोष्ट फारशी निराळी नाहीं. जुन्नर, दौलताबाद इत्यादि ठिकाणचे कागदी लोक हातकागद वाळला म्हणजे त्यावर खळ चढवीत व नंतर तो गुळगुळीत दगडानें घोटीत. असें केल्यानें बोरूनें लिहितांना शाई फुटत नसे. ज्या खळीनें अक्षर ठसठशीत राहिलें तीच खळ बुरशीचें व कसरीचें अन्न झाली. पुढें बांधणीच्या वह्या आल्या, त्यांच्या पुठ्ठ्यांतहि गव्हाच्या पिठाची चिक्की असते. म्हणून वाळवी, कसर व बुरशी हीं पुष्कळदां पाठीकडूनच वहींत शिरतात.

बुरशी बाहेरून कोणी आणावी लागत नाहीं. तिचे बीजाणु हवेंत सर्वत्र तरंगत असतात व कागदावर वर्षानुवर्षें निपचित पडून राहतात. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर बराच काळ टिकली म्हणजे ते रुजतात. कागद भिजलेला असल्यास दोन दिवसहि पुरे होतात. २००५, २०१९ व २०२१ या सालीं पंचगंगेस आलेल्या पुरांनीं या भागांतील कागदपत्रांच्या मालकांस याचा अनुभव दिला आहे. रुजलेली बुरशी आपल्या अंगांतून पाचक रस सोडते. त्या रसानें प्रथम खळ विरघळते व पुढें कागदाचा तंतूच तुटूं लागतो. कबनूरच्या कागदांच्या कडा मऊ पडल्या त्याचें कारण हेंच. बुरशीचा डाग ही केवळ वरची घाण नव्हे. तेथला कागद थोडाबहुत पचून गेलेला असतो.

३

आतां मोरचुदाचा प्रश्न. हा उपाय घरधन्यांस सुचला यांत नवल नाहीं. खळीस बुरशी येते व तिला औषध लागतें ही गोष्ट कापडाच्या धंद्यांत फार पूर्वीं कळून चुकली, आणि ती कळण्यास आमचा देशहि एक निमित्त झाला. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, तेव्हां कापडाचें वजन भरून काढण्यासाठीं खळींत चिनी माती व ओल धरून ठेवणारे क्षार घालण्याची चाल वाढली. असलें जड कापड हिंदुस्थान व चीन या देशांकडे जहाजांतून येतांना वाटेंतच बुरशीनें डागळूं लागलें. त्यावर तोड म्हणून खळींत जस्ताचा क्लोराइड घालूं लागले. त्यानें बुरशी थांबली; परंतु पुढें त्याच कापडास लव जाळण्यासाठीं कडक आंच दिली असतां त्या क्षारांतून तेजाब सुटून कापड कुजे, असें आढळून आलें. याशिवाय मोरचूद, डांबरापासून निघणारें कार्बोलिक अम्ल, सॅलिसिलिक अम्ल हीं द्रव्येंहि खळींत घालीत. यांपैकीं कार्बोलिक अम्लानें जखमा सडत नाहींत हें लिस्टर यानें १८६७ सालीं प्रसिद्ध केलें होतें.

मोरचुदाची कीर्ति तर शेतकऱ्यांतहि आहे. मोरचूद व चुना यांचें मिश्रण द्राक्षवेलींवरील रोग आवरतें, असें फ्रान्समध्यें मिलार्डे यानें १८८५ सालीं दाखविलें, व आमच्याकडे तासगांवचे द्राक्षबागाईतदार तेंच मिश्रण बोर्डो या नांवानें वापरतात. तांब्याचा अंश बुरशीच्या शरीरांत शिरून तिच्या पाचक व पोषक द्रव्यांशीं जखडून बसतो आणि त्यांचें कार्य बंद पाडतो. पारा व सोमल यांची क्रियाहि स्थूलमानानें अशीच होते. फिनॉलवर्गाचीं द्रव्यें सूक्ष्म जंतूंचें आवरणच सच्छिद्र करतात.

मग असें नामी औषध कागदास कां देऊं नये? उत्तर संग्राहकांच्या डोळ्यांसमोरच आहे. ज्या पोथ्यांच्या समासाच्या रेघा किंवा चित्रांतील हिरवा रंग जंगालाचा असतो, त्यांतील पान नेमकें त्या रेघेवर तपकिरी पडून सुरीनें कापल्याप्रमाणें तुटतें. जंगाल हा तांब्याचाच क्षार. तांब्याच्या संगतींत हवेंतील प्राणवायु कागदाच्या तंतूस लौकर जाळतो. ही क्रिया मंद असते, पण ती थांबत नाहीं. मोरचुदाच्या पाण्यानें बुरशी मरेल, परंतु एका रेघेपुरतें जें नुकसान जंगालानें झालें तें आपण स्वहस्तें सबंध पानाचें करूं. शिवाय त्या पाण्यानें कागद पुनः ओला होईल, आणि ओल हेंच तर रोगाचें मूळ. म्हणून मोरचूद कागदावर शिंपडूं नये, चिक्कींतहि घालूं नये.

यांत एक व्यापक तत्त्व आहे. कारखानदारास आपला माल विकला जाऊन वापरून संपेपर्यंत टिकला म्हणजे पुरे. त्याच्या औषधाची परीक्षा त्या मुदतीपुरती होते. आमच्या कागदांची मुदत शतकांची. आज रंग, साबण, चामडें, सौंदर्यप्रसाधनें, बाटलींतील डिंक, किंबहुना ज्यांत पाणी व सेंद्रिय द्रव्य एकत्र येतें अशा बहुतेक सर्व मालांत कसलें ना कसलें जंतुरोधक द्रव्य घातलेलें असतें, व त्यावांचून तो माल दुकानांत टिकणारहि नाहीं. परंतु याच द्रव्यांविषयींचें मत वेळोवेळीं पालटलें आहे. पेंटाक्लोरोफिनॉल हें लांकूड, चामडें व खळ या सर्वांस चालणारें औषध म्हणून नांवाजलें होतें; जर्मनीनें १८८० च्या नव्हे, तर अगदीं अलीकडे १९८९ सालीं त्यास बंदी केली, आणि २०१५ सालीं स्टॉकहोम कराराच्या निषिद्ध द्रव्यांत तें दाखल झालें. साबणांतील ट्रायक्लोसान अमेरिकेंत २०१६ सालीं हात धुण्याच्या जंतुनाशक साबणांतून काढावयास लाविलें. तात्पर्य, अमुक द्रव्य आज सर्रास वापरांत आहे एवढ्यावरून तें दप्तरास निर्धोक ठरत नाहीं. बाटलींतील डिंकानें पोथी चिकटवूं नये असें आम्ही सांगतों, त्याचें एक कारण हेंहि आहे कीं त्यांत काय काय मिसळलें आहे तें आपणांस ठाऊक नसतें.

४

तिसरा प्रश्न पिवळ्या पुडीचा. हा सर्वांत महत्त्वाचा, कारण यांत कागदाइतकाच माणसाच्या जिवाचाहि संबंध आहे.

जुन्या लिखाणांत पिवळें दिसलें कीं प्रथम हरताळ आठवावा. हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचें खनिज. लेखक चुकीच्या अक्षरांवर तो फांशी व सुकल्यावर त्यावर नीट अक्षर लिही. आपण बोलण्यांत 'हरताळ फांसणें' म्हणतों तो प्रयोग या चालीवरूनच आला. कांहीं ठिकाणीं सबंध कागद हरताळानें रंगवीत; नेपाळांतील पिवळ्या कागदाच्या पोथ्या प्रसिद्ध आहेत. अशा कागदास कीड सहसा लागत नाहीं, कारण तो विषारी असतो. परंतु जें कसरीस विष तें वाचणाऱ्यासहि विष. उजेडानें हरताळ हळूहळू फुटून त्यांतून पांढरा सोमल निघतो. आणि पानें उलटतांना बोट जिभेस लावण्याची खोड आपल्यांतील पुष्कळांस आहे.

परंतु पिवळी पूड हळदीचीहि असूं शकते. धार्मिक पोथ्यांच्या बासनांत हळदकुंकू सांडलेलें असतेंच, शिवाय कीड लागूं नये म्हणूनहि हळद टाकीत. दोहोंतील भेद ओळखण्यास साधी परीक्षा आहे. पुडीचा कण कागदापासून दूर, कांचेवर घ्यावा व त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब सोडावा. हळद असेल तर ती तांबडी होते, कारण हळदीचें कुंकू होतें तें याच गुणानें. हरताळ तांबडा होत नाहीं. रंग न पालटल्यास ती पूड विषारी समजूनच वागावें व जाणत्याकडून तिची परीक्षा करवावी. कबनूरच्या रुमालावरील कण तांबडा झाला. ती हळद निघाली, व सर्वांचाच जीव भांड्यांत पडला. तथापि ती पूड कोणी, केव्हां व कशासाठीं टाकली हें घरांत कोणासहि सांगतां आलें नाहीं, ही गोष्ट आम्हीं मनांत ठेवली. तिचा उपयोग शेवटीं करावयाचा आहे.

घरगुती उपायांत वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला, कापूर, तंबाखू, क्वचित् सापाची कात हीं बासनांत घालीत. यांपैकीं वेखंड व कडुनिंब यांनीं किडींस कांहींसा प्रतिबंध होतो. बुरशीवर मात्र त्यांचा भरंवसा नाहीं. उलट पाला नीट वाळलेला नसेल तर ओल घेऊन तोच बुरशीचें माहेर होतो. डांबराच्या गोळ्यांचेंहि तसेंच. त्यांचा उग्र वास किडींस पळवितो, बुरशीस नव्हे. आणि त्यांची वाफ बंद खोलींत रोज हुंगणें माणसास अपायकारक आहे.

५

बुरशीवर खरा प्रभाव असलेलें एक द्रव्य मात्र आमच्या स्वयंपाकघरांतलें आहे. तें म्हणजे ओवा. ओव्याच्या तेलांतून जे पांढरे खडे निघतात त्यांस वैद्य ओव्याचें फूल म्हणतात. रसायनशास्त्री त्यासच थायमॉल म्हणतात. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं आमच्याकडील ओवा मोठ्या प्रमाणावर जर्मनीस जात असे, तो याच द्रव्यासाठीं. विसाव्या शतकांत ग्रंथालयांत व अभिलेखागारांत थायमॉलची धुरी देण्याची पद्धति सर्वत्र पसरली. घट्ट झांकणाच्या पेटींत जाळीवर कागद मोकळे ठेवावे, खालीं वाटींत थायमॉलचे खडे ठेवून त्यांखालीं ४० वॉटचा दिवा रोज थोडा वेळ लावावा, आणि असें सहा ते दहा दिवस करावें, अशी ती कृति होती. थायमॉल सुमारें ५० अंश उष्णतेस वितळतें, म्हणून दिव्याची ऊब पुरते. १९६६ च्या नोव्हेंबरांत इटलींतील फ्लॉरेन्स शहर पुरांत बुडालें, तेव्हां चिखलांतून काढलेल्या ग्रंथांसहि इतर द्रव्यांबरोबर थायमॉल वापरण्यांत आलें.

पुढें या पद्धतीचे दोष दिसूं लागले. थायमॉलची वाफ उडून गेली कीं तिचा प्रभावहि संपतो. कागद पुनः दमट जागीं ठेवल्यास बुरशी पुनः येते. कागदास ती पिवळेपणा आणते, चर्मपत्र व रोगण यांस बाधते, आणि धुरी देणाऱ्याच्या डोळ्यांस व फुप्फुसांस त्रास होतो. मोठ्या संस्थांनीं मग इथिलीन ऑक्साइड नांवाचा वायु घेतला. तो बीजाणूंसहि मारतो, कारण तो जिवंत पेशींतील द्रव्यांशीं रासायनिक रीतीनें जोडला जाऊन त्यांची रचनाच पालटून टाकतो. परंतु तोच गुण माणसाच्या पेशींसहि लागू पडतो. हा वायु कर्करोगजनक ठरला आहे, आणि कागदांत व चामड्यांत तो कांहीं काळ मुरून राहतो. खासगी संग्राहकानें त्याच्या वाटेस जाऊंच नये.

यावरून तज्ज्ञ मंडळी एका साध्या निर्णयास येऊन पोंचली आहेत. कोरड्या जागीं बीजाणु जिवंत असले तरी निरुपद्रवी असतात, व दमट जागीं सर्व बीजाणु मारले तरी हवेंतून नवे येतात. म्हणून औषधापेक्षां कोरडेपणाच मुख्य, आणि जंतुघ्न द्रव्य हें अडीअडचणीचें साधन. जुन्या लेखकांस हें अनुभवानें ठाऊक होतें असें दिसतें. पोथीच्या अखेरीस ते तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून पोथीस जपण्याची विनंति करीत. त्यांनीं पाण्याचें भय सांगितलें, औषध कोणतेंहि सांगितलें नाहीं.

६

कबनूरच्या घरधन्यांस आम्हीं जो सल्ला दिला तो असा. मांजरपाट ताबडतोब काढून दूर न्यावा. कागद उन्हांत न टाकतां सावलींत, वाहत्या हवेंत, कोऱ्या टीपकागदावर एकेक पसरावे. तोंडास फडकें किंवा मुखपट्टी बांधावी व हातमोजे घालावे. बुरशी ओली असेतों तिला स्पर्श करूं नये, नाहीं तर ती कागदांत अधिक चोळली जाते. पूर्ण वाळल्यावर घराबाहेर मऊ कुंचल्यानें हळूच झाडावी. मद्यार्काचा उपयोग करावयाचाच झाल्यास शेंकडा ७० भाग मद्यार्क व बाकी पाणी असें मिश्रण फडताळाच्या फळ्या पुसण्यास घ्यावें. निव्वळ मद्यार्कापेक्षां तें अधिक मारक असतें, कारण जंतूंचीं प्रथिनें गोठण्यास थोडें पाणी लागतें. कागदावर तें लावूं नये, शिक्क्यांची व तांबडी शाई त्यानें पसरण्याचें भय असतें. कसर किंवा दुसरे किडे दिसल्यास कोरडे कागद पिशवींत घट्ट बंद करून, उणें १८ अंशांपर्यंत थंड होणाऱ्या शीतपेटींत दोन आठवडे ठेवावे, व बाहेर काढल्यावर घरच्या हवेइतके उबदार होईपर्यंत पिशवी उघडूं नये. यानें किडे मरतात. बुरशी मरत नाहीं, तिची वाढ थांबते इतकेंच.

रुमालासाठीं नवें कापड अवश्य घ्यावें, पण तें गरम पाण्यांत दोन-तीनदां धुऊन त्यांतील खळ पूर्णपणें काढावी. खळ गेली कीं नाहीं हें पाहण्यास आयोडिनच्या पातळ द्रावणाचा एक थेंब कापडाच्या कोपऱ्यावर टाकावा. निळा-काळा डाग पडला तर पिष्ट शिल्लक आहे असें समजावें. फडताळ बाहेरच्या भिंतींत असल्यास बासन तेथें ठेवूं नये. आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र आतां स्वस्त मिळतें, तें जवळ ठेवावें व कांटा ६० च्या वर जाऊं लागला तर सावध व्हावें.

आतां राखून ठेवलेली गोष्ट. कबनूरच्या रुमालावरील हळदीनें आम्हांस जो घोर लावला त्याचें कारण पूड नव्हे, तिच्याविषयींचें मौन. कोणी एका पूर्वजानें सद्‌हेतूनें कांहीं टाकलें आणि तें सांगून ठेवलें नाहीं. उद्यां एखाद्या संशोधकास कागदावर तांबें किंवा सोमल आढळला तर तो मूळ शाईंतला, कागद करतांना घातलेला, कीं मागाहून औषध म्हणून शिंपडलेला, हें कशावरून ठरवावें? पहिल्या दोहोंवरून कागदाचें स्थळ व काळ यांविषयीं अनुमान करतां येतें, तिसऱ्यावरून तें अनुमान सपशेल चुकतें. म्हणून दप्तरास दिलेलें औषध हाहि त्या दप्तराच्या इतिहासाचा भाग समजावा. प्रत्येक बासनांत एक चिठी असावी. तींत कोणत्या तारखेस, कोणीं, कोणत्या कागदांस, कोणतें द्रव्य, कशासाठीं व कसें लाविलें, आणि बुरशी कोठवर गेली होती, हें शिसपेन्सिलीनें लिहावें. कांहींच लाविलें नसेल तर तसेंहि लिहावें.

नवरात्रांत सरस्वतीपूजनासाठीं पोथ्या बाहेर काढण्याची चाल आपल्याकडे आहे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तेव्हां बासन सोडून पाहण्यास व ती चिठी पुरी करण्यास याहून योग्य वेळ नाहीं. कबनूरच्या ज्या कागदांच्या मित्या गळून गेल्या त्या आतां परत येणार नाहींत. त्यांचे तुकडे मात्र घरधन्यांनीं ज्या त्या कागदाबरोबर निरनिराळ्या लिफाफ्यांत जपून ठेवले आहेत, आणि बासनांत पहिली चिठी घातली आहे.